नुवो-झिल प्रजासत्ताकाचा शिपाई

तमाम मराठी वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नुवो-झिल या सार्वभौम प्रजासत्ताकाची राजधानी कॉव्हेंट्रीहून मिल्टन कीन्स येथे हलवण्यात आली आहे. स्थलांतर भाड्याच्या व्हॅनमधून पार पडले. वाटेत एका राउंडअबाउटवर चालकाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वळण जरा जोरात घेतल्यामुळे देशाच्या ईशान्येकडील डोंगराचे शिखर तुटले. ते पुन्हा चिकटवण्यात आले असून जीवितहानी नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

मी या देशाची तिसऱ्या दर्जाची नागरिक आहे. हे मी मान ताठ ठेवून सांगते, कारण हा दर्जा मला वशिल्याने मिळालेला नाही. तो मला एका प्रेशर कुकरमुळे मिळाला.

देश म्हणजे टेबल-टेनिसचं अर्धं टेबल. त्यावर मधोमध एक बेट. बेटाचा डोंगर हाडं बसवायच्या प्लास्टरच्या पट्ट्यांचा, उसाचे मळे हिरव्या स्पंजचे, आणि भोवतीचा समुद्र चकचकीत निळ्या ऑइलपेंटचा, फडक्याने पुसता यावा म्हणून. पुसावा लागायचा, कारण आम्ही दर रविवारी त्याच समुद्रात ताटं ठेवून जेवायचो. आमटी सांडली की किनारपट्टीवर हाय अलर्ट.

हा देश ज्यांनी घडवला ते माझे कॉव्हेंट्रीतले घरमालक. मी नागपूरहून नोकरीसाठी पहिल्यांदा इंग्लंडला आले तेव्हा त्यांच्या घरी वरच्या खोलीत पेइंग गेस्ट होते. काका मॉरिशसचे मराठी. त्यांच्या पणजीला रत्नागिरीकडून बोटीने उसाच्या मळ्यांवर नेलेलं. काका तरुणपणी नर्सिंग शिकायला इंग्लंडात आले आणि इथल्याच एका मानसोपचाराच्या वॉर्डात नोकरी करून रिटायर झाले. रिटायर झाले तरी नर्सचं ते छातीवर उलटं लटकणारं घड्याळ त्यांनी कधी उतरवलं नाही. मरून रंगाचा स्वेटर, त्यावर घड्याळ, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र दाट कुरळ्या केसांचा ढग. मराठी बोलायचे ते आजीच्या पदराखालून थेट उचललेलं, त्यात मधूनच आपल्या बेटावरचं क्रेओल. मला ते पहिल्या दिवसापासून ‘मो पिती’ म्हणायचे, म्हणजे ‘माझं लेकरू’. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची, चष्मेवाली, सॉफ्टवेअर टेस्टर होते. लेकरू म्हणून घ्यायला मला मुळीच हरकत नव्हती.

पण त्या पहिल्या दिवशी दार उघडल्यावर लगेच काही त्यांनी लेकरू म्हटलं नाही.

माझ्या बॅगेची चेन विमानतळावरच तुटली होती. त्यामुळे आईने दिलेला कुकर टॉवेलात गुंडाळून मी हातात धरला होता. बेल वाजवली. काका दारात आले.

“नमस्कार, मी ती रूमसाठी...”

“नाव मागाहून. हात आधी.”

मला वाटलं, इथे हात धुऊन आत घेतात. मी हात पुढे केला, तर त्यांनी कुकरकडे निरखून पाहिलं आणि आत हाक मारली, “ग्रॅहम.”

ग्रॅहम म्हणजे घरातला दुसरा भाडेकरू. लांबट चेहऱ्याचा इंग्रज, लोकांची ड्रायव्हिंग टेस्ट घ्यायचा. तो इंग्रजीतच बोलायचा. इथे मी त्याला मराठीत बोलायला लावणार आहे, तो रागावणार नाही. दोघांनी माझ्या कुकरभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“टॉवेलात आहे,” ग्रॅहम म्हणाला. “गाठोडं.”

“झाकण आहे,” काका म्हणाले. “झाकण घट्ट बसतं. आतलं बाहेरच्याला दिसत नाही. पेटी.”

“पण गुंडाळलंय.”

“पेटीसुद्धा गुंडाळतात. शिट्टी होते का गं याची?”

“होते,” मी म्हटलं. एक पाय दारात, एक पावसात.

“पेटी,” काका म्हणाले. “ये आत. तू पेटीवाली. तिसरा वर्ग. खुर्ची खिडकीकडची. चहा ग्रॅहम देईल, तो चाबूकवाला आहे.”

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिथूनच परत फिरली असती. मी आत गेले, कारण आतून फोडणीचा वास येत होता.

आता देशाचा इतिहास. घाबरू नका, थोडाच आहे. मॉरिशसचं जे खरंखुरं झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: साखरेचे मळे, गोरे मळेवाले, साखळदंडात आणलेले आफ्रिकेचे लोक, मग आपल्याकडून करारावर नेलेले मजूर. काकांच्या नुवो-झिलमध्ये, म्हणजे ‘नव्या बेटा’वर, एका कापणीच्या हंगामात साखळदंडातल्या लोकांनी मळे ताब्यात घेतले आणि मळेवाल्यांची जहाजं परत येईपर्यंत राज्य सुरूही करून टाकलं. त्यामुळे मागाहून मजुरांच्या बोटी आल्या तेव्हा धक्क्यावर मुकादम उभा नव्हता. उभी होती ती नव्या प्रजासत्ताकाची समिती. बोटीतून मराठी उतरले, तमिळ उतरले, भोजपुरी उतरले, चिनी दुकानदार उतरले, फ्रान्सकडचे खलाशीही उतरले. कोण कोणाच्या वर, कोण खाली, हे कसं ठरवायचं? समितीने ठराव केला: रंग विचारायचा नाही, कारण ती जुन्या मालकांची रीत. जात विचारायची नाही, कारण ती समितीला कळतच नव्हती. बघायचं एवढंच, की उतरताना माणसाच्या हातात काय आहे.

ज्यांचे पूर्वज साखळीत उतरले ते साखळीवाले, सर्वांत वरचे. न्यायाधीश, मंत्री, सगळे तेच. दुसरे गाठोडेवाले, शेती आणि शाळा त्यांच्याकडे. तिसरे आम्ही पेटीवाले, दुकानदार आणि कारकून. आणि शेवटी चाबूकवाले, म्हणजे जुने मळेवाले; त्यांना चहा देणं आणि दुसऱ्यांच्या पोरांना पियानो शिकवणं ही कामं.

रविवारी काका जेवणाआधी अननस कापत बसायचे. चौकोनी फोडी, त्यावर मीठ, मिरची आणि चिंचेचा कोळ. सुरी चालवता चालवता देशाच्या बातम्या द्यायचे, अगदी तटस्थ आवाजात.

“काल नुवो-झिलमध्ये एका साखळीवाल्या घराण्याची साखळी खोटी निघाली. आजोबांनी बाजारातून विकत आणली होती. मुलीचं जमलेलं लग्न मोडलं.”

“गाठोडेवाल्यांत फूट पडली आहे. गाठ पुढून मारणारे आणि मागून मारणारे एका पंगतीला बसायला तयार नाहीत.”

“चाबूकवाल्यांची पोरं समुद्रावर उन्हात दिवसभर पडून राहतात. चांगलं स्थळ यावं म्हणून. तरी होऊन होऊन लालच होतात, आयो.”

आणि माझी आवडती, लग्नाची जाहिरात: “पाहिजे, साखळीवाल्या मुलासाठी वधू. सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष, रंग कोळशाला लाजवेल असा. गव्हाळ मुलींनी कृपया फोटो पाठवू नयेत.” ही ऐकून मी समुद्रात आमटी सांडली होती. माझ्या स्वतःच्या स्थळांच्या वेळी ‘गोरी’ हा शब्द किती घरांतून आणि किती वजनाने आला होता, ते मला माहीत होतं.

काकांच्या लहानपणी त्यांच्या खऱ्या बेटावर रंगाला नावं होती. साखरेची प्रत लावतात तशी माणसांची लावायचे, एकेका छटेला वेगळं नाव, आणि पोरांना ती पाढ्यांच्या आधी पाठ. काकांनी ही सगळी शिडी उचलून उलटी करून भिंतीला लावली आणि मग वर चढून लोक काय करतात ते बघत बसले.

मी एकदा विचारलं, “काका, राज्य तुमचंच, डोक्यातलं. मग सगळ्यांना सारखं करून टाका की. कोण अडवतंय?”

ते सुरी थांबवून म्हणाले, “मो पिती, वॉर्डात आम्ही सगळ्यांना सारखा गाऊन द्यायचो. सारखा पलंग, सारखी उशी. दुपारपर्यंत खिडकीजवळचा पलंगवाला राजा झालेला असायचा. आणि दुसऱ्या दिवशी तो दाराजवळच्याला म्हणायचा, तुम्हा लोकांना काय कळतं.”

याचा पुरावा आमच्याच टेबलावर बसला होता. केरळचा एक पीएचडी करणारा मुलगा खोली बघायला आला तेव्हा त्याच्या हातात सायकलची कुलूप-साखळी होती. झालं. त्याला थेट पहिला वर्ग, म्हणजे खोली गरम करणाऱ्या रेडिएटरला लागून असलेली हातांची खुर्ची. साधा, लाजाळू पोरगा. दोन-चार रविवार गेले आणि तो पापड मागताना म्हणाला, “आम्हा साखळीवाल्यांना आधी वाढायची पद्धत आहे ना?” गंमत म्हणून म्हणाला, पण पापड मात्र घेतला. ग्रॅहमने मागच्या दाराच्या गार झोतात उभं राहून त्याला पापड दिला आणि आपलं नेहमीचं अपील केलं, “मी आलो तेव्हा माझ्या हातात छत्री होती. मिटलेली छत्री.”

“लांबून चाबकासारखी दिसत होती,” काका म्हणाले. “अपील फेटाळलं. चहा.”

ग्रॅहमने वर्षानुवर्षं हे अपील केलं आणि वर्षानुवर्षं चहा दिला. खोली सोडून स्वतःचं घर घेतल्यावरही तो रविवारी चहा द्यायला यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “माझ्या आयुष्यात मला खालून बघायला मिळालेली ही एकच जागा आहे. आणि इथून दिसतं फार छान.”

दाराचा नियम सगळ्यांना लागू. मीटर बघायला येणारा टॉर्च घेऊन आला, त्याला गाठोडं-पेटीत कुठेच बसवता येईना, तेव्हा काकांनी त्याला ‘परदेशी राजदूत’ म्हणून डाळपुरी खाऊ घातली. डाळपुरी ही काकांकडची खासियत, पुरणपोळीची तिखट बहीण. एकदा दिलेला वर्ग बदलत नसे. पहिलं उतरणं तेच खरं.

फक्त एका माणसाला वर्ग नव्हता, खुद्द काकांना. ते टेबलाशी बसायचेच नाहीत. स्वयंपाकघर आणि समुद्र यांच्यामध्ये एक स्टूल होतं, त्यावर बसून वाढायचे. आम्ही पुष्कळ खोदून विचारलं, की तुम्ही राष्ट्राध्यक्ष का? तुमची पणजी उतरली तेव्हा तिच्या हातात काय होतं? ते म्हणायचे, “मी धक्क्यावरचा शिपाई. शिपायाला वर्ग नसतो. भात घे.”

आणि दुसरी वर्ग नसलेली त्यांची नात, झोई. काकांच्या मुलीने लग्न केलं ते कॉव्हेंट्रीतच वाढलेल्या मुलाशी. त्याचे आईवडील जमैकाहून आलेले. झोई दोन्हीकडचं सगळं भरभरून घेऊन आलेली, उंची बापाची, हसणं आजोबांचं, आणि केस कुणाचे ते दोन्ही घरांनी आपापले म्हणून सांगावेत असे. तिचा निकाल काकांनी प्रलंबित ठेवला होता. “ही दारातून चालत कुठे आली? हॉस्पिटलातून आणली तेव्हा झोपलेली होती. चौकशी चालू आहे.” म्हणून ती रविवारी वाटेल तिथे बसायची, कधी डोंगराजवळ, कधी ग्रॅहमच्या बाजूला उभी राहून भांड्यातूनच खायची.

झोई एकोणीस वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. तोवर माझं लग्न झालेलं, मी मिल्टन कीन्सला राहायला गेलेले. पण रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावून यायचेच. कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाच्या कमिटीतही होते. मंडळाचं ढोल-ताशा पथक होतं आणि झोई त्यात. आधी ढोल, मग ध्वज. पथकाच्या पुढे तो मोठा भगवा ध्वज नाचवायचा, याला ताकद लागते आणि ताल लागतो. दोन हंगाम ती लेझर सेंटरच्या, म्हणजे नगरपालिकेच्या क्रीडासंकुलाच्या, कारपार्कमध्ये पावसात सराव करत होती. ध्वज ओला झाला की दुप्पट जड होतो, ती म्हणायची, “ओला असेल तर बेटर. मग सुका दिवशी तो उडतो.” तिचं मराठी असं, लिंग-वचनाला फारसं न जुमानणारं, पण अडत कुठेच नाही.

त्या वर्षी मिरवणुकीत पुढचा ध्वज कोणी धरायचा, हे कमिटीत आलं. सगळ्यांनी झोईचं नाव घेतलं. अध्यक्ष जरा घुटमळले. अध्यक्ष म्हणजे पुण्याचे, पेन्शन फंडात मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने सभ्य, कुणाला दुखवायचं नाही असं ठरवूनच बोलणारे.

“झोई सुंदरच करते, प्रश्नच नाही,” ते म्हणाले. “पण बघा, पुढचा ध्वज म्हणजे फोटो तोच जाणार. लोकल पेपरात, इकडे-तिकडे. मग वाटतं, आपल्यापैकी कुणीतरी असावं. तिला आपण मागे देऊ, छान रोल देऊ.”

“ती आपल्यापैकी नाही?” मी विचारलं.

“तसं नाही हो. पण काकांचंसुद्धा बघा ना. ते आपलेच, पण म्हणजे नेमके कोण? आरती म्हणतात तीसुद्धा वेगळ्याच चालीवर. मी काही चूक म्हणत नाही. नुसतं ऑप्टिक्स.”

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. पण गोष्ट सरावाला पोचायला किती वेळ लागतो? रविवारी झोई आली ती थेट टेबलाशी बसली.

“अध्यक्षकाका म्हणाले मी मागे,” ती म्हणाली. “मी म्हटलं ओके. पण ओके नाही.”

त्या रविवारी बातम्या झाल्या नाहीत. अननस तसाच अख्खा राहिला. काकांनी स्टुलावरून उठून डोंगरावरची धूळ पुसली, सावकाश, जशी पेशंटची जखम पुसतात तशी. मग मला म्हणाले, “त्या अध्यक्षांना येत्या रविवारी जेवायला बोलव. येताना हातात काय आणायचं ते सांगू नकोस.”

अध्यक्ष यायला तयार झाले. तेही म्हणाले, समोरासमोर बोललेलं बरं. फक्त त्यांची आई पुण्याहून आली होती, ऐंशीच्या पुढची, तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, तर तिलाही आणू का? आणा म्हटलं.

रविवारी रिमझिम होती. गाडी थांबल्याचा आवाज आला, बेल वाजली. काकांनी दार उघडलं. आम्ही सगळे त्यांच्या मागे, बोळात, एकमेकांच्या खांद्यावरून बघत. दारात अध्यक्ष, कानाला फोन.

“हो, ढोल आजच व्हॅनमध्ये चढवा. नाही, मी नाही, तुम्हीच जा.” मग फोन खाली घेऊन, “नमस्कार काका.”

“नमस्कार मागाहून. हात आधी.”

“हात? हातात काय, फोन आहे.”

“याने काय करता?”

“बोलतो. आणखी काय?”

“आत्ता काय बोललात?”

“पथकातल्या मुलांना सांगितलं, ढोल चढवा.”

“मुलं कुठे आहेत?”

“तिकडे, स्टोअरवर.”

“म्हणजे तुम्ही इथे कोरडे, आणि ढोल तिकडे दुसरे उचलणार,” काका म्हणाले. “ग्रॅहम.”

ग्रॅहम सगळ्यांना ढकलून पुढे आला.

“चाबूक,” काका म्हणाले.

इतकी वर्षं एकट्याने वर्ग चालवलेल्या माणसाला सहकारी मिळाल्यावर चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ग्रॅहमने अध्यक्षांचा हात दोन्ही हातांनी हलवला आणि म्हणाला, “किटली डावीकडे आहे. मी दाखवतो.” अध्यक्ष सभ्य माणूस. यजमानांकडची काही रीत असेल असं समजून ते त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेलेसुद्धा.

इकडे गाडीत त्यांच्या आई बेल्टशी झगडत होत्या. झोईने ते पाहिलं आणि ती अनवाणीच बाहेर गेली. दार उघडलं, बेल्ट सोडवला, हात दिला. पायऱ्या ओल्या, त्यांवर पानं चिकटलेली.

“हळू गं,” आजींचा आवाज आला. “गुडघा आहे माझा, मोटार नाही.”

“आजी, तुम्ही माझा हात घट्ट धर. मी पडत नाही.”

“तू नाही पडायचीस. मी पडले तर तुला घेऊनच पडेन.”

अशा दोघी दारात उभ्या राहिल्या. आजींच्या एका हातात काही नाही. दुसऱ्या हातात झोईचा हात.

काका ‘हात’ म्हणायला गेले आणि म्हणालेच नाहीत.

आम्ही वाट बघत होतो. आतून ग्रॅहम किटलीसकट डोकावला आणि त्याने कायदेशीर शंका काढली, “हातात हात असेल तर कोणता वर्ग?”

काकांनी आजींना रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसवलं. केरळचा मुलगा आपण होऊन उठला, हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे. आजींनी झोईचा हात सोडला नव्हता, त्यामुळे झोई तिथेच, शेजारच्या खुर्चीत. मग काका स्टुलाकडे गेले, पण बसले नाहीत. उभे राहूनच बोलले, आजींकडे बघून, कारण समजून घेईल असं तोंड त्यांना त्या घोळक्यात बहुधा आजींचंच वाटलं.

“माझी पणजी बोटीतून उतरली तेव्हा तिच्या हातात एक हात होता. पोराचा. तीन-चार वर्षांचा असेल. तिचा नव्हता. त्याची आई वाटेत गेली, बोटीवर. कोण होती, कुणाला माहीत नाही. बोटीत मराठी होते, तेलंगी होते, बिहारकडचे होते, मधल्या बंदरात चढलेले आणखी कोण कोण होते. धक्क्यावर कारकुनाने विचारलं, हा कुणाचा. पणजी म्हणाली, माझा. त्याने लिहून घेतलं.” काकांनी आपल्या कुरळ्या केसांतून हात फिरवला. “तो पोरगा माझा आजोबा. तेव्हा मी नेमका कोण, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. पणजीला विचारायला हवं होतं, पण तिने ते उत्तर धक्क्यावरच देऊन टाकलंय.”

स्वयंपाकघराच्या दारात अध्यक्ष किटली घेऊन उभे होते. ‘नेमके कोण’ हे शब्द कमिटीतून इथवर कसे आले, हे त्यांनी माझ्याकडे बघून ओळखलं. मी नजर समुद्रावर ठेवली.

“मग हा वर्ग तुम्ही केलाच नाही कधी?” मी विचारलं.

“एकट्या माणसाचा वर्ग कसा करायचा?” काका म्हणाले. “वर्गाला निदान कुणीतरी सोबत लागतं. म्हणून स्टुलावर बसलो.” मग झोईकडे बघून, “हिला हॉस्पिटलातून आणली तेव्हा झोपेतसुद्धा बापाचं बोट सोडत नव्हती. चौकशी संपली. आज तिघं झालो.”

आणि तो माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून टेबलाशी बसला, आजींच्या दुसऱ्या बाजूला. ग्रॅहमने डोळे पुसायचे सोडून अध्यक्षांच्या हातातली किटली पुसली.

अध्यक्षांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, “काका, माझं म्हणणं वेगळं होतं. प्रश्न झोईचा नाही. फक्त ध्वज आपल्यापैकी कुणीतरी...”

आणि इथे आजी बोलल्या. मोठ्याने, सगळ्यांदेखत, मुलाचं वाक्य मध्येच कापून. काय बोलल्या ते मी थोडं राखून ठेवते, एवढी मुभा तिसऱ्या वर्गाला आहे.

मिरवणूक पुढच्या शनिवारी निघाली. कौन्सिलने दिलेला मार्ग म्हणजे लेझर सेंटरचं कारपार्क, त्याला लागून एक रस्ता, आणि परत कारपार्क. सोबत एक पोलीस, तोही ताशाच्या ठेक्यावर मान हलवणारा. पाऊस नव्हता. ध्वज सुका होता आणि झोई म्हणाली होती तसा तो उडाला. दुकानांतून लोक बाहेर आले, बसमधले लोक एका बाजूला झुकले. झोईचा बाप आणि त्याचे आईवडील रस्त्याच्या कडेला उभे होते; तिची जमैकाची आजी आपल्या रविवारच्या हॅटमध्ये, ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला टाळी देत होती. मी आजवर पुष्कळ मिरवणुका पाहिल्या आहेत. एवढी छोटी पाहिली नाही आणि एवढी छाती कधी फुगली नाही. लोकल पेपरात फोटो तोच आला. अध्यक्षांनी तो फ्रेम करून आणला, आणि हो, हातात सायकलची साखळी घेऊन आले, वर्ग बदलून मिळतो का बघायला. काका म्हणाले, “पहिलं उतरणं तेच खरं. चहा.” तेव्हापासून ते आणि ग्रॅहम आलटून पालटून देतात.

त्या वर्षीची आरती मंडळात काकांच्या चालीवर झाली. लोक अडखळले, पण म्हणाले.

काका दोन वर्षांपूर्वी गेले, स्वतःच्या घरी, दुपारी, झोपेत. हातात काय होतं म्हणाल तर झोईची आई सांगते, रिकामा होता, तिने जाऊन धरला. घर विकलं तेव्हा झोई म्हणाली, देश तुझ्याकडे ने, माझ्या फ्लॅटचा दारातून तो जात नाही. म्हणून राजधानी आता मिल्टन कीन्सला आहे. रविवारी ग्रॅहम आणि अध्यक्ष कॉव्हेंट्रीहून एकाच गाडीतून येतात. अननस मी कापते. बातम्या झोई देते, तिच्या मराठीत, आणि आमच्या दारात नवीन माणूस आला की तो नाव सांगायच्या आधी आम्ही त्याचे हात बघतो. स्टूल ठेवलंय. त्यावर कुणी बसत नाही. कुणी नको म्हटलेलं नाही, तरी.

तर त्या रविवारी अध्यक्ष किटली हातात धरून ‘आपल्यापैकी कुणीतरी’ म्हणाले, तेव्हा त्यांच्या आईने झोईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हटलं, “काय हे ‘आपल्यापैकी, आपल्यापैकी’ लावलंयस रे? आपल्यापैकी म्हणजे ही, हे आणि मी. तू आधी चहा ओत.”